स्वारगेट ते सातारा, दहा थांबे: उतारवयात डोकं चालतं ठेवायची आमची पद्धत

मोबाइलवरच्या जोड्या लावायच्या खेळात मी ८४व्या पायरीवर पोचलो, त्याच सकाळी गॅसवरचं दूध उतू गेलं. नुसतं उतू जाऊन भागलं नाही, पातेलं करपलं. बायको म्हणाली, "चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून आलात, आता जरा स्वयंपाकघरातही फेरी मारा."

माझं वय ७१. एसटीत ३३ वर्षं कंडक्टर होतो, त्यातली बरीचशी पुणे-सातारा मार्गावर. तिकिटाचं मशीन नोकरीच्या शेवटी शेवटी आलं. त्याआधी तिकिटांचा ट्रे, भोक पाडायचा चिमटा, फेरीचा हिशोब लिहायचा कागद म्हणजे वेबिल, आणि डोकं. पन्नास-साठ माणसांतलं कोण कात्रजला चढलं, कोण शिरवळला उतरणार, कुणाचे दीड रुपये द्यायचे राहिलेत, हे सगळं डोक्यात. सुट्टे नसले की तिकिटामागे आकडा लिहून द्यायचो, पण ते तिकीटच हरवणारे निम्मे असायचे, म्हणजे शेवटी चेहरा बघूनच पैसे परत करायचे. असा मी बाजारात चार वस्तू आणायला जाऊन तीनच घेऊन यायला लागलो, तेव्हा नातीनं तो खेळ मोबाइलवर टाकून दिला. तीन महिने रोज अर्धा तास खेळलो. तरबेज झालो. खेळात.

पुढं लिहितोय ते त्या करपलेल्या पातेल्यानंतरचं. गल्लीतले आम्ही नऊ जण मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर बसतो. एक निवृत्त तलाठी, एक बालवाडीच्या बाई, दोन शिंपी (सख्खे भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत पण येतात दोघंही), बाकी आम्ही असेच. आजारी कुणी नाही, वय झालंय एवढंच. दोन वर्षांत जे चाललं, जे फसलं, ते सांगतो.

गाडी कुठं जाते ते आधी बघा

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. पातेल्याची गोष्ट ऐकून हसली आणि तिनं मला अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. नाव 'ॲक्टिव्ह'. १९९८-९९ साली सहा ठिकाणचे ६५ वर्षांवरचे सुमारे २,८०० धडधाकट लोक घेतले, चार गट पाडले. एका गटाला लक्षात ठेवायच्या युक्त्या शिकवल्या. दुसऱ्याला आकड्या-अक्षरांच्या मालिकेतली संगती ओळखायला शिकवली. तिसऱ्याला संगणकाच्या पडद्यावर क्षणभर चमकून जाणारं टिपायला लावलं. चौथ्याला काहीच नाही. पाच-सहा आठवड्यांत दहा बैठका, एकेक तास-सव्वा तासाची. काही जणांना अकरा महिन्यांनी आणि पुन्हा पस्तीस महिन्यांनी चार-चार बैठकांची उजळणी.

निकाल २००२ साली छापून आला. ज्या गटानं जे घोटलं, त्यात तो सुधारला. युक्त्यांवाल्यांची स्मरणशक्ती सुधारली, पण म्हणून त्यांचा पडद्यावरचा वेग वाढला नाही. साताऱ्याच्या गाडीत बसलेला साताऱ्यालाच उतरतो, तिकडून आपोआप कोल्हापूरला पोचत नाही. मी तीन महिने भलत्याच गाडीत बसलो होतो. जोड्या लावायच्या खेळानं जोड्या लावता येतात. दुधाकडं लक्ष राहत नाही.

शिकवल्यानंतर दहा वर्षांनी काय उरलं, त्याचा हिशोब २०१४ मध्ये छापला गेला. संगतीवाल्यांचा आणि वेगवाल्यांचा फायदा बराचसा टिकला होता, स्मरणवाल्यांचा नाही. मात्र रोजच्या कामांत अडचण कमी येते असं तिन्ही गटांतल्या लोकांनी, काहीच न शिकवलेल्यांच्या तुलनेत, सांगितलं. हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं, एवढं ध्यानात असू द्या.

यातून मी तीन गोष्टी घेतल्या. जे रोज लागतं त्याचाच सराव करायचा. तो मोजायचा. आणि वर्षानं पुन्हा करायचा, कारण उजळणी नसेल तर पाढेसुद्धा पळतात.

आणखी एक. असल्या खेळांची वर्गणी मागणारे फोन आणि जाहिराती आता रोज येतात. "विसराळूपणाचा आजार टळेल" असं सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. अमेरिकेत २०१६ साली असाच गाजावाजा करणाऱ्या एका कंपनीला सरकारकडं २० लाख डॉलर भरावे लागले, कारण दाव्याला पुरेसा आधार नव्हता. आमच्या ओसरीचा वर्षाचा खर्च म्हणजे पत्त्यांचे दोन जोड, नऊ वह्या आणि चहा.

कान आधी, कसरत नंतर

पहिल्या महिन्यात मला नावं अजिबात लक्षात राहीनात. नव्या शेजाऱ्याचं नाव तीनदा विचारलं. मी मनात धरून चाललो की गेलं आपलं डोकं. डॉक्टरांनी कानात बघितलं आणि दोन्ही कानांतून मळाचे असे बोळे काढले की मलाच लाज वाटली. नाव विसरत नव्हतो हो, ते मला नीट ऐकूच आलेलं नव्हतं. जे पाकिटात पडलंच नाही ते हरवणार कुठून?

म्हणून सुरू करण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. यंत्र लागलं तर लावा, लाजू नका. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची आटोक्यात आणता येण्यासारखी १४ कारणं सांगितली. ती सगळी आटोक्यात आली तर जवळजवळ ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार पुढं ढकलला जाईल असा मंडळाचा अंदाज आहे. त्या यादीत कमी ऐकू येणं आहे, कमी दिसणं आहे, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, बसून राहणं आणि एकटं पडणंही आहे. त्यामुळं रक्तदाबाची गोळी चुकवून शब्दकोडं सोडवत बसणाऱ्याला आम्ही ओसरीवर घेत नाही. हा नियम तलाठीभाऊंसाठी केला. ते आता गोळ्या घेतात.

डॉक्टरांकडं जाल तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. सर्दीच्या काही गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड करतात. बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलेलं असलं तरी विसरायला होतं. यातली कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद मात्र करू नका.

आणि खालचं काही होत असेल तर आमची पद्धत तुमच्यासाठी नाही, सरळ डॉक्टर गाठा: रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणं, नेहमीचा पैशांचा हिशोब अचानक न जमणं, आणि घरच्यांना तुमच्यात बदल दिसणं. नटाचं नाव दुपारी न आठवून रात्री अंथरुणात आठवलं, याला आजार म्हणत नाहीत. ते मला पंचविशीतही व्हायचं.

वेबिल

प्रत्येकाची शंभर पानी वही. तिला आम्ही वेबिल म्हणतो. तारीख, काय केलं, दहापैकी किती बरोबर, एवढंच लिहायचं. वेबिलात खाडाखोड नाही हा नोकरीतला नियम इथंही. चार आला तर चार लिहायचा.

आकडा लिहायचा तो पुढची पायरी ठरवायला. दहात आठ-नऊ यायला लागले की काम अवघड करायचं: यादी लांब करा, वेळ कमी करा. पाचच्या खाली आले तर सोपं करायचं. हा आमचा अंदाजपंचे नियम आहे, पण कामाचा आहे, कारण सोपं तेच करत राहिलं की नुसता वेळ जातो. आमच्याकडच्या बालवाडीच्या बाई वीस वर्षं रोज एकाच पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. 'मासा' म्हटलं की 'मीन' आणि 'पाणी' म्हटलं की 'नीर' हे त्यांचा हातच लिहितो, डोक्याला त्याचा पत्ता नसतो.

दहा बैठका पाच आठवड्यांत संपवायच्या. तासाभरापेक्षा जास्त बसलो की शिंपीबंधू पेंगतात.

दहा थांबे

आता मुख्य गोष्ट. ओळखीच्या जागा मनात एका ओळीनं घ्यायच्या आणि एकेका जागेवर एकेक वस्तू मांडायची, ही युक्ती फार जुनी आहे, ग्रीक लोकांच्या काळातली. पुस्तकांत त्यासाठी घरातल्या खोल्या घ्या म्हणतात. माझ्या घरात खोल्या तीन. पण थांबे झोपेतही सांगतो: स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा, सुरूर, भुईंज, पाचवड, सातारा. दहा खुंट्या तयार.

तुम्ही कंडक्टर नसाल तर तुमच्या शाळेची वाट घ्या, माहेरच्या गावातली घरं घ्या, पंढरीच्या वारीचे मुक्काम घ्या. अट एकच, क्रम विचार न करता यायला पाहिजे.

एक यादी करून दाखवतो. विजेचं बिल, इसबगोल, खोबरेल तेल, चष्म्याचा स्क्रू, गोधडीचा पांढरा दोरा, हिंग.

स्वारगेटला शिरतो तर स्टँडच्या तोंडाला विजेचं बिल लटकतंय, बसच्या टपापेक्षा मोठं, आणि गाडी ते टर्रकन फाडत आत शिरते. कात्रजच्या तळ्यात कुणीतरी पोतंभर इसबगोल ओतलंय, सगळं तळं फुगून बुळबुळीत झालंय आणि ते रस्त्यावर सरकत येतंय. खेड शिवापूरच्या दर्ग्यात तो प्रसिद्ध दगड बोटांवर उचलतात ना, तिथं आज अकरा माणसं खोबरेलचा डबा उचलतायत, बोटं सटासट निसटतायत, सगळे ओरडतायत. कापूरहोळच्या फाट्यावर विजेच्या खांबाएवढा स्क्रू उभा आहे आणि त्याला वळसा घालता घालता आमची गाडी त्यात पिळून वर चढायला लागलीय. खंडाळ्याच्या पुढं खंबाटकीच्या घाटात गाडी बंद पडलीय आणि माझी बायको वर उभी राहून ती पांढऱ्या दोऱ्यानं एकटीच ओढतेय. शिरवळ यात मोकळं ठेवलं, तिथं प्रवासी जेवायला उतरलेत असं समजा.

सुरूरला मी हिंगाची डबी ठेवली.

बाजारातून आलो तेव्हा पाच वस्तू पिशवीत होत्या, हिंग नव्हता. का, ते लगेच कळलं. बाकी सगळीकडं धांदल होती. सुरूरला मी डबी नुसती ठेवली होती. नुसती ठेवलेली वस्तू चोरीला जाते. तिथं काहीतरी घडलं पाहिजे: वाईला वळणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमधून हिंगाचा धूर निघतोय आणि ट्रॅफिक पोलीस नाक धरून पळतोय, असं काही. चित्र जितकं वेडंविद्रं, हलतं, वासाचं, आवाजाचं, तितकं ते टिकतं. शहाण्यासुरत्या माणसांना इथंच अडचण येते. तलाठीभाऊ पहिले तीन आठवडे प्रत्येक थांब्यावर वस्तू टेबलावर नीट मांडायचे, शिक्का मारल्यासारख्या. त्यांना दहात तीन यायचे. मग एके दिवशी त्यांनी भुईंजच्या साखर कारखान्याच्या धुराड्यातून त्यांच्या जुन्या साहेबांना गुळाच्या ढेपेवर बसवून उडवलं, त्या दिवसापासून आठच्या खाली आले नाहीत.

करायचं कसं ते क्रमानं सांगतो. एक जण दहा वस्तू वाचतो, दोन वस्तूंमध्ये मनात पाच आकडे मोजण्याइतकं थांबून. सगळ्यांचे डोळे मिटलेले. वाचून झालं की लगेच म्हणायचं नाही. पाच मिनिटं दुसऱ्याच गप्पा, मग वहीत लिहायचं. चहानंतर पुन्हा, न बघता. रात्री झोपताना पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. असं अंतर वाढवत वाढवत आठवणं हे पन्नासदा वाचण्यापेक्षा उपयोगी पडतं. विसरण्याचा वेग हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून मांडला होता: पहिल्या काही तासांतच बरंचसं गळून जातं. म्हणून पहिली आठवण लवकर हवी. न आठवलं तर निदान अर्धा मिनिट धडपडा, मगच कागद बघा. लगेच कागद बघणाऱ्याला आम्ही फुकट्या प्रवासी म्हणतो.

कालची यादी आजच्या यादीत घुसते ही तक्रार सगळ्यांची असते. त्यावर उपाय दोन. एक तर दुसरा मार्ग पकडा. माझा दुसरा मार्ग सातारा-महाबळेश्वर आहे. नाहीतर नवी यादी घालण्याआधी मनातल्या मनात गाडी धुऊन काढा, सगळे थांबे रिकामे बघा, मग डबल बेल द्या.

माणसांच्या नावांना हेच थोडं बदलून. नाव ऐकलं की तिथंच मोठ्यानं परत म्हणायचं, "होय का, म्हणजे तुम्ही अमुक." मग चेहऱ्यातली एक खूण पकडून तिला नाव बांधायचं. ती खूण त्या माणसाला सांगायची नाही. हे अनुभवाचे बोल.

दुधासाठी मात्र यातलं काहीच करू नका, गजर लावा. किल्लीला खुंटी, गोळ्यांना सात कप्प्यांचा डबा. जे काम डब्यानं होतं त्यासाठी डोकं झिजवायचं नाही. एक सवय मात्र कामाची आहे. जपानमध्ये रेल्वेचे लोक सिग्नलकडं बोट दाखवून मोठ्यानं बोलतात, चूक होऊ नये म्हणून. मी घराबाहेर पडताना तसंच करतो: बोट दाखवून "गॅस बंद, नळ बंद, कडी लावली." आधी बायको हसायची. आता तीही म्हणते.

पुढची गाडी किती वाजता?

संगती ओळखायचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण अमेरिकेतल्या त्या अभ्यासातही प्रवासाची वेळापत्रकं आणि औषधांच्या वेळा सरावाला होत्या. म्हणजे माझाच धंदा.

फळ्यावर लिहितो: ६.१०, ६.५०, ७.२५, ७.५५. पुढची गाडी? घाईनं उत्तर द्यायचं नाही. आधी मोठ्यानं वाचायचं. मग प्रत्येक दोघांमधलं अंतर वर लिहायचं: चाळीस, पस्तीस, तीस. आता दिसतं ना? ८.२०. आकड्यांत ५, १०, ८, १६, १४, २८ असं आलं तर दुप्पट आणि वजा दोन अशा खुणा करत गेलं की २६ मिळतात. अक्षरांत क ख ग, क ख घ, क ख... इथं पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरांखाली रेघ मारायची आणि प्रत्येक तुकड्यानंतर उभी रेघ ओढायची. उत्तर ङ आहे, आणि ते लिहायला कसं ते नऊपैकी पाच जण विसरले होते. तो निराळा सराव झाला.

घरगुती गणित म्हणजे गोळ्यांचं. एक गोळी एक दिवसाआड, दुसरी दर तिसऱ्या दिवशी, तिसरी फक्त सोमवारी. आज सोमवार, आज तिन्ही घेतल्या. पुन्हा तिन्ही एकाच दिवशी कधी? बालवाडीच्या बाईंनी कॅलेंडरवर टिंबं काढून शोधलं: बरोबर सहा आठवड्यांनी, सोमवारीच.

तोंडी हिशोबही यातच घेतो. भाडं ३५, तीन फुल, दोन हाफ, पाचशेची नोट, परत किती? (३६०. मी दोन सेकंदांत सांगतो, पण मी या फेरीत पंच असतो.) आमच्या पिढीनं पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोटलीय, काहींनी औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढाही. साडेतीन सत्ते साडेचोवीस अजून येतं का बघा. नसेल येत तर नातवंडांच्या समोर म्हणून बघू नका, आधी एकटे म्हणा.

नजरेचा वेग

हा भाग खरा संगणकावरचा आहे. पडद्याच्या मधोमध कार किंवा ट्रक चमकतो, त्याच क्षणी कडेला कुठंतरी दुसरी गाडी. मधे काय होतं आणि कडेची कुठं होती, दोन्ही सांगायचं. जमलं की चमकायची वेळ आणखी कमी. ओसरीवर संगणक नाही, म्हणून आमचा जुगाड असा: समोरचा माणूस नाकासमोर पत्त्यांतलं एक पान धरतो आणि दुसरा हात बाजूला ताणून काही बोटं दाखवतो, दोन्ही गोष्टी पापणी लवेपर्यंतच. नजर पत्त्यावरून हलवायची नाही. "चौकट सत्ती, डावीकडं तीन." या जुगाडावर कुणी अभ्यास केलेला नाही, त्यामुळं संगणकाइतका फायदा होतो असा दावा मी करणार नाही. मजा मात्र येते, आणि शिंपीबंधू या एका खेळात एकमेकांशी बोलतात, कारण आकडा तर सांगावाच लागतो. हे बसूनच करायचं. चालताना किंवा स्कूटरवर नजरेचे प्रयोग नकोत.

गोधडी

टेक्सासमधल्या डॅलसला डेनिस पार्क या बाईंनी २०१४ मध्ये एक प्रयोग छापला. साठीच्या पुढच्या माणसांपैकी काहींना तीन महिने, आठवड्याला पंधरा तासांच्या आसपास, गोधडी शिवायला शिकवलं किंवा डिजिटल कॅमेरा, किंवा दोन्ही. काहींना नुसत्या गप्पा आणि सहली दिल्या. नवं शिकणाऱ्यांची, विशेषतः कॅमेरा शिकणाऱ्यांची, घडल्या गोष्टी आठवण्याची ताकद वाढली. गप्पावाल्यांची तशी वाढली नाही.

भाचीनं हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "मग मी तर जन्मभर तेच करतेय." पण तिला गोधडी डोळे मिटून येते, म्हणजे तिच्यासाठी ते शब्दकोड्यातल्या 'मीन'सारखं. मेख 'नवं' या शब्दात आहे. तेव्हा आम्ही कामं बदलली. ती मोबाइलवर फोटो काढायला शिकली, उजेड कुठून येतो, पाठीमागे काय दिसतं, सगळं. आणि मी गोधडी शिकलो. ३३ वर्षं चिमटा चालवलेला हात, सुई धरायची म्हणजे परीक्षा. पहिल्या धावदोऱ्याचा एक टाका बोटभर तर दुसरा मुंगीएवढा. कडेनं आत गोल गोल शिवत जायचं, आतल्या जुन्या लुगड्याच्या घड्या सरकू द्यायच्या नाहीत, चार कोपऱ्यांना त्रिकोणी ठिगळं. माझी पहिली गोधडी चौकोनी नाही, तिला पाच कोपरे आहेत म्हणा. पण कुठला तुकडा कुठं, रंग कसे फिरवायचे, दोरा किती लागेल, याचा जितका विचार केला तितका निवृत्तीनंतर कशाचाच केला नव्हता.

तुम्हाला जे येत नाही ते निवडा. मोडी वाचायला शिका, पेटी शिका, कन्नड शिका. चुकल्याची लाज वाटते का ते बघा. वाटत असेल तर निवड बरोबर आहे.

ओसरीचे नियम

सुरुवातीला आम्ही मोठ्यानं मार्क वाचून दाखवायचो. एका काकूंना सलग दोनदा दोन मार्क पडले, कुणीतरी हसलं, त्या यायच्या बंद झाल्या. परत आणायला दीड महिना लागला आणि माझ्या बायकोला चारदा जावं लागलं. तेव्हापासून वेबिल ज्याचं त्याच्यापाशी. दुसऱ्याचं अडलेलं उत्तर ओरडून सांगायचं नाही. "अहो, आत्ताच तर सांगितलं" हे वाक्य ओसरीवर बंद आहे, आणि घरातही बंद असावं अशी माझी विनंती आहे.

बैठक संपली की अजिंक्यताऱ्याच्या दिशेनं अर्धा तास चालतो, ज्याला जितकं झेपेल तितकं. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर दोन वर्षं अभ्यास झाला, २०१५ साली छापला. आहार, व्यायाम, डोक्याचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, चारही एकत्र दिलं, तेव्हा नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्यांची विचारशक्ती थोडी बरी राहिली. थोडी, पण राहिली. चढावर कुणी बोलत नाही. उतरताना एक जण सकाळची यादी विचारतो.

फेब्रुवारीत आमच्या उजळणीच्या चार बैठका आहेत. यंदा मार्ग उलटा घेतोय, सातारा ते स्वारगेट. तलाठीभाऊंची आत्तापासूनच कुरकुर सुरू झालीय की परतीच्या दिशेला पाचवडनंतर भुईंज की भुईंजनंतर पाचवड, इथं त्यांची गाडी अडते. नकाशा बघायचा नाही, असं त्यांना बजावून ठेवलंय.